बाईकची टाकी भट्टीत घालू नका: पावडर कोटिंग की रंग, हे कसं ठरवायचं

जुनी बाईक उघडून बसलेल्या माणसाला सल्ल्यांची कमतरता नसते. एक जण म्हणतो, "सरळ पावडर कोटिंग करून टाक, पुन्हा बघायला नको." दुसरा म्हणतो, "पावडर एकदा फुटली की आतून गंजत जातं आणि कळतसुद्धा नाही. रंगच दे." दोघंही स्वानुभवावरून बोलत असतात आणि दोघांचंही खरं असतं. फक्त पहिल्याच्या डोळ्यांसमोर बाईकची फ्रेम असते, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर टवका उडालेला एखादा स्टँड.

पावडर चांगली की रंग, या प्रश्नाला म्हणूनच सरसकट उत्तर नाही. हातात कुठला भाग आहे, तो किती तापतो, त्यावर दगड उडतात की पेट्रोल सांडतं, तो कशाला चिकटून घट्ट बसतो, हे बघितलं की उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळतं. पण त्याआधी या दोन पद्धतींत नेमकं घडतं काय, ते बघू.

## रंग वाळतो, पावडर भाजली जाते

डब्यातल्या रंगात मुख्यतः तीन गोष्टी असतात: रंग देणारी पूड, तिला धातूवर धरून ठेवणारा चिकट पदार्थ, म्हणजे रेझिन, आणि हे सगळं पातळ ठेवणारं थिनर. साध्या रंगात थिनर उडून जातं आणि रेझिनचा थर मागे राहतो. असा थर कोरडा दिसतो, पण त्यावर पुन्हा थिनर पडलं की तो सुटतो. कॅनमधून फवारलेल्या टाकीवर पेट्रोलचा ओघळ आला की रंग मऊ पडतो, तो यामुळेच.

दुसरा प्रकार हार्डनर मिसळून मारायच्या रंगाचा. यात रेझिन आणि हार्डनर यांची रासायनिक क्रिया होऊन त्यांचं एक घट्ट जाळं विणलं जातं, आणि ते पेट्रोलला सहसा दाद देत नाही. "रंग टिकत नाही" अशी तक्रार कानावर आली की मी आधी विचारतो, कुठला रंग? कॅनमधला साधा रंग आणि हार्डनरचा रंग यांना एकाच नावाने ओळखणं म्हणजे सुतळी आणि तार या दोन्हींना दोरी म्हणण्यासारखं आहे.

पावडर कोटिंगमध्ये थिनर नसतंच. रेझिन, रंगद्रव्य आणि हार्डनर यांची आधीच एकत्र दळलेली कोरडी पूड असते. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो, हा खेळ सगळ्यांनी लहानपणी केलेला असतो. इथे तत्त्व तेच, फक्त पावडरच्या बंदुकीत हजारो व्होल्टचा दाब असतो. बंदुकीतून निघणाऱ्या कणांवर विद्युतभार चढतो, समोर टांगलेला भाग अर्थिंगला जोडलेला असतो आणि पूड जाऊन त्याला चिकटते. नळीच्या समोरून फवारलं तरी थोडी पूड वळसा घालून मागच्या बाजूलाही बसते. या टप्प्यावर बोट फिरवलं तर ती सहज पुसली जाते.

खरं काम पुढे भट्टीत होतं. साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला पूड वितळते, पसरते, एकजीव होते आणि मग कायमची घट्ट होते. कच्चं मडकं पाण्यात टाकलं तर त्याचा चिखल होतो, भाजलेल्या मडक्याचा होत नाही, तसंच हे. एकदा भाजलेली पावडर पुन्हा तापवली तर वितळत नाही.

इथे एक बारकावा आहे आणि त्यावर बरंच काही अवलंबून आहे. भट्टीतली हवा २०० अंशांवर पोहोचली म्हणजे धातू पोहोचला असं नाही. पातळ पत्रा पटकन तापतो, मागचं चाक धरणाऱ्या जाडजूड स्विंगआर्मला वेळ लागतो. पावडर घट्ट व्हायला लागणाऱ्या १०-२० मिनिटांचा हिशोब धातू तापल्यापासून धरायचा असतो. घाईत बाहेर काढलेला भाग दिसायला तितकाच चकचकीत असतो, पण आतला थर अर्धाकच्चा राहतो आणि पहिल्या खडीला टवका उडतो.

ही कल्पना तशी जुनी आहे. जर्मनीत एर्विन गेमर यांनी १९५० च्या दशकात, हवेच्या झोताने तरंगत ठेवलेल्या पुडीत तापवलेला भाग बुडवायची पद्धत काढली. विजेच्या बंदुकीने फवारायची पद्धत १९६० च्या दशकात रुळली.

## पहिला प्रश्न: हा भाग २०० अंश सोसेल का?

प्लॅस्टिकचे पॅनेल, मडगार्ड, फायबरचे भाग यांना भट्टी वर्ज्य. रबरी बुश, ऑइल सील, ग्रीस भरलेले बेअरिंग हे सगळं आधी काढावंच लागतं. वायूच्या दाबाचा शॉक अॅब्सॉर्बर भट्टीत घालणं म्हणजे बंद डबा विस्तवावर ठेवण्यासारखं आहे. स्प्रिंग वेगळी काढून फक्त तिलाच कोटिंग करायचं.

टाकीचं प्रकरण जास्त फसवं. जुन्या टाकीला कुठेतरी पोचा आलेला असतो आणि तो पुट्टीने भरलेला असतो. जुने रंगारी तिला लांबी म्हणतात. साधी पुट्टी या तापमानाला तडकते, फुगते. त्याहून वाईट म्हणजे कधीकाळी गळती थांबवायला दिलेला डाख. कथील आणि शिसं यांच्या मिश्रणाचा डाख १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतो. म्हणजे पावडर घट्ट होईपर्यंत टाकीला पुन्हा भोक. आतून लायनर, म्हणजे गळती-गंज रोखणारा अस्तराचा थर, लावलेला असेल तर त्याचाही भरवसा नाही. आणि टाकीत पेट्रोलची वाफ उरली असेल तर मग बोलायलाच नको. रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण वाफेला पेट घ्यायला हवा लागते आणि ती तिथे आयती मिळते.

"पण उष्णतेने फ्रेम वाकणार नाही का?" हा प्रश्न हमखास येतो. पोलादी फ्रेम नाही वाकणार. पोलादाच्या गुणांवर परिणाम व्हायला याच्या दुप्पट-तिप्पट तापमान लागतं. अॅल्युमिनियमबाबत मात्र हा प्रश्न रास्त आहे. अनेक अॅल्युमिनियम मिश्रधातूंना कारखान्यात साधारण १५० ते १८० अंशांना काही तास ठेवूनच कडक केलेलं असतं. भट्टीतली वीसेक मिनिटं त्या कडकपणात फारसा फरक पाडत नाहीत, पण तेच चाक तीनदा-चारदा भाजणं शहाणपणाचं नाही. जुनी पावडर काढण्यासाठी काही ठिकाणी भाग ४०० अंशांच्या आसपास जाळून घेतात. पोलादी ग्रिलसाठी ते ठीक आहे, अॅल्युमिनियमच्या चाकासाठी नाही. चाक दिसायला तसंच राहतं, ताकद मात्र गेलेली असते. काम देताना हे स्पष्ट विचारा आणि चाकांसाठी कमी तापमानाला घट्ट होणारी पावडर मिळते का तेही बघा.

ओतीव अॅल्युमिनियमचं आणखी एक दुखणं असतं. ओतताना आत राहिलेले सूक्ष्म पोकळ कप्पे हवा आणि तेल धरून ठेवतात. भट्टीत ती हवा बाहेर पडते आणि पावडरवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं उमटतात. जाणकार माणूस म्हणून असा भाग आधी नुसताच तापवून घेतो आणि मग पावडर मारतो.

## केसाएवढी जाडी कुठे आड येते

पावडरचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपास. ऐकायला काहीच नाही. पण बेअरिंग ज्या खाचेत बसतं तिथे दहा-वीस मायक्रॉनचा हिशोब असतो. तिथे पावडर गेली की बेअरिंग बसतच नाही. बोल्टच्या आट्यांतही तेच. आट्याच्या दोन्ही उतारांवर थर बसतो आणि नट दोन फेऱ्यांत अडकतो.

भट्टीआधी हे सगळं झाकावं लागतं. त्यासाठी उष्णता सोसणारे सिलिकॉनचे बूच आणि खास टेप असतात. साधा मास्किंग टेप तिथे करपतो आणि चिकटून बसतो.

तिसरी जागा लोकांच्या लक्षात येत नाही: दोन भाग एकमेकांवर दाबून बसतात ते पृष्ठभाग. ब्रेकचा कॅलिपर जिथे बोल्टने घट्ट होतो, अॅक्सलचा नट जिथे टेकतो, इंजिन जिथे फ्रेमला बसतं. अशा ठिकाणी बोल्टखाली जाड थर असेल तर काही दिवसांत तो दबतो, बोल्टची पकड सैल होते आणि पान्याने कितीही मोजून आवळलेलं असलं तरी उपयोग होत नाही. रंगाचाही थर दबतो, पण सहसा तो पातळ असतो आणि चटकन खरवडता येतो.

माझा स्वतःचा धडा अर्थिंगचा आहे. एका जुन्या बाईकची फ्रेम कोटिंग करून आणली, दोन आठवडे खपून गाडी जोडली, चावी फिरवली आणि स्टार्टर नुसता टिक करून गप्प. बॅटरी बदलली. रिले बदलला. दोन संध्याकाळी वायरिंग उलगडण्यात गेल्या. शेवटी दिसलं, की बॅटरीची निगेटिव्ह वायर जिथे फ्रेमला बसते तिथे सुंदर, अखंड, काळी पावडर होती. पावडर वीज वाहू देत नाही. त्या टिकलीएवढ्या जागेवरचा थर खरवडल्यावर गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. कोटिंग करणाऱ्याची चूक म्हणावी तर मीही त्याला सांगितलं नव्हतं.

## फ्रेमला पावडर, पण डोळे उघडे ठेवून

पोलादी फ्रेम, स्विंगआर्म, स्टँड, फुटरेस्टचे कंस, मागचं कॅरिअर: या भागांसाठी माझा कौल पावडरकडे आहे. खालून खडी उडते, बूट घासतात, साखळीचं तेल उडतं. जाड, चिवट थर इथे कामाला येतो आणि एकदा मारून होतो. रंगात हीच मजबुती आणायची तर प्रायमर, रंग, वर क्लिअर कोट, प्रत्येक थरामध्ये वाळायची वाट आणि घासणं, असा कुटाणा आहे.

तरीही पावडरच्या उणिवा माहीत असाव्यात. वितळताना ती धारदार कडांवरून मागे सरकते, त्यामुळे कडेला थर सर्वांत पातळ राहतो आणि गंज तिथूनच शिरतो. आतल्या अरुंद कोपऱ्यांत ती नीट शिरत नाही. विद्युतभारित कण जवळच्या कडांकडेच ओढले जातात आणि कोपरा उपाशी राहतो. दोन नळ्यांच्या सांध्यामागे, सांध्याला आधार देणाऱ्या पत्र्याच्या, म्हणजे गसेटच्या कुशीत हमखास असं होतं. चांगला कारागीर तिथे व्होल्टेज कमी करून मारतो. गंज फार लागलेली फ्रेम असेल तर आधी इपॉक्सी प्रायमर पावडर आणि वर पॉलिएस्टर, असे दोन थर मागा.

नळ्यांच्या पोटात तर ना पावडर पोहोचते ना रंग. आतून गंजणाऱ्या फ्रेमला बाहेरून कितीही नटवलं तरी गंज थांबत नाही. आत मेणासारखं गंजरोधक सोडणं हा वेगळा उपाय आहे आणि तो भट्टीनंतरच करायचा.

आणखी दोन गोष्टी भट्टीआधीच बघायच्या. चॅसी नंबर जाड थराखाली बुजला तर तो वाचता येत नाही आणि पुढे कागदपत्रांच्या वेळी डोकेदुखी होते. ती जागा झाकून घ्या. आणि ब्लास्टिंगनंतर, म्हणजे रेतीचा जोरदार मारा करून जुना रंग-गंज काढल्यावर, उघड्या धातूवर प्रत्येक वेल्डिंग निरखून बघा. फ्रेमला तडा असेल तर तो दिसायची हीच वेळ. पातळ रंगावर तडा लवकर उमटतो, पावडरची चिवट कातडी त्याला बराच काळ झाकून ठेवू शकते.

## टाकीला आणि साइड पॅनेलला रंगच

टाकी हा बाईकचा चेहरा. तिथे लोक हातभर अंतरावरून बघतात. पावडरचा पृष्ठभाग बारकाईने पाहिला तर संत्र्याच्या सालीसारखा किंचित खडबडीत असतो. फ्रेमवर कुणाच्या ते लक्षात येत नाही, टाकीवर येतं. रंगाला वरून वॉटर पेपर मारून आरशासारखा गुळगुळीत करता येतो.

छटेचाही प्रश्न आहे. निळा आणि पिवळा रंग ढवळले की हिरवा होतो, पण निळी आणि पिवळी वाळू मिसळून हिरवी वाळू होत नाही, ठिपके दिसत राहतात. पावडरचं तसंच आहे. कारखान्यात जी छटा बनून आली तीच मिळते. तुमच्या जुन्या गाडीची नेमकी मरून छटा रंगवाला डोळ्यासमोर जुळवून देतो. दोन रंगी पट्टे, हाताने ओढलेली सोनेरी रेघ, आत खोल चमकणारे कँडी रंग हे मुळात रंगाचंच राज्य. अर्धपारदर्शक पावडरही मिळते, पण रंगाएवढी मोकळीक तिच्यात नाही.

आणि दुरुस्ती. टाकीवर ओरखडा आला तर रंगवाला तेवढीच जागा घासून, रंग मिसळवून, पॉलिश करून देतो. पावडरवर मारलेला ठिगळ ठिगळच दिसतो.

## इंजिन आणि सायलेन्सर

सायलेन्सरला दोन्ही नको. इंजिनजवळचा पाइप काहीशे अंशांपर्यंत तापतो, तिथे साधी पावडर पिवळी पडून जळते आणि साधा रंग तर त्याच्याही आधी. सिलिकॉनवर आधारलेला उष्णतारोधक रंग किंवा सिरॅमिक कोटिंग, हेच तिथे चालतं. सिलिंडरच्या पात्यांवर जाड थर म्हणजे थंड होऊ पाहणाऱ्या इंजिनाला पांघरूण. तिथे पातळ, उष्णतारोधक रंग पुरतो.

इंजिनाची झाकणं पावडर करता येतात, पण ब्लास्टिंगची रेती आत राहिली तर ती तेलाबरोबर फिरून बेअरिंग खाते. हा धोका मला रंगाच्या निवडीपेक्षा मोठा वाटतो.

## "पण पावडर कधी निघत नाही म्हणतात ना?"

निघते. आणि निघते तेव्हा बहुतेक वेळा दोष पावडरचा नसतो. तेलकट धातूवर किंवा अर्धवट काढलेल्या गंजावर काहीही मारलं तरी ते निघणारच. आधी तेल काढणं, मग ब्लास्टिंग, मग पोलादाला फॉस्फेटची किंवा अॅल्युमिनियमला त्याची वेगळी रासायनिक प्रक्रिया आणि लगेच कोटिंग. ब्लास्ट केलेलं उघडं पोलाद दमट हवेत काही तासांत तांबूस पडायला लागतं. ते रात्रभर तसंच ठेवून सकाळी पावडर मारली तर गंज आतच बंद झाला.

रंग निघतो तेव्हा तो फुगून, पोपडे धरून सांगतो. पावडर टवक्याच्या कडेखालून पाणी आत घेते आणि वरून शाबूत दिसत राहते. दुसरा सल्लागार जे म्हणत होता ते हेच. म्हणून पावडरवर टवका दिसला की त्या दिवशीच तिथे थोडा टचअप रंग लावायचा. दिसायला बरं नाही, पण पाणी थांबतं.

पावडर कुठल्या जातीची आहे हेही विचारा. इपॉक्सी पावडर धातूला घट्ट धरते, रसायनांना पुरून उरते, पण उन्हात काही महिन्यांत निस्तेज होते आणि खडूसारखी पूड सोडते. वरचा थर उन्हात टिकणारा पॉलिएस्टरचाच हवा. भाग घेताना आतल्या न दिसणाऱ्या जागी थिनरचा बोळा थोडा वेळ घासून बघा. नीट भाजलेली पावडर फारसा रंग सोडत नाही, कच्ची सोडते.

## "मग घरीच केलं तर?"

रंग घरी मारता येतो, पण हार्डनरच्या रंगाच्या फवाऱ्यात आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. त्यांनी दमा जडू शकतो आणि एकदा जडला की पुढे थोडासा फवाराही सोसत नाही. धुळीचा साधा मास्क इथे काही कामाचा नाही, व्यावसायिक रंगारी बाहेरच्या हवेची नळी जोडलेला मास्क घालतात. पावडरमध्ये थिनर नाही, वास नाही, खाली पडलेली पूड गोळा करून पुन्हा वापरता येते, म्हणून ती जास्त स्वच्छ. पण हवेत दाट उडालेली कुठलीही बारीक जळाऊ पूड ठिणगीने भडकू शकते, आणि ज्या ओव्हनमध्ये पावडर भाजली त्यात पुन्हा अन्न शिजवायचं नाही.

पावडरवर पुढे रंग मारता येतो. चकाकी घासून काढायची, प्रायमर द्यायचा, मग रंग. उलटं करायला जाऊ नका. जुना रंग विजेच्या आणि धातूच्या मध्ये येतो, पावडर नीट धरत नाही आणि भट्टीत तो रंग फुगतो तो वेगळाच. सगळं काढून टाकायचं झालं तर रंग स्ट्रिपरने, म्हणजे रंग उतरवणाऱ्या रसायनाने, सुटतो, पावडर मात्र ब्लास्टिंगलाही बराच वेळ दमवते.

## भाग परत आल्यावर

जोडायची घाई असते, पण आधी प्रत्येक आट्यातून योग्य मापाचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, हलक्या हाताने फिरवा. अर्थिंगच्या जागा खरवडा आणि वर थोडं ग्रीस लावा. बेअरिंगच्या खाचा बोटाने चाचपून बघा. बोल्टखालचे पृष्ठभाग झाकले गेले नसतील तर तिथला थर काढा. मग जोडा, मोजून आवळा, आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर इंजिनाचे, कॅलिपरचे आणि अॅक्सलचे बोल्ट पुन्हा एकदा पान्याखाली घ्या. एखादा थोडासा फिरलाच, तर त्याच्याखाली पावडर राहिली आहे.